बखर रामघाटच्या तेलगळतीची

श्रीविश्वेश्वर समर्थ, आणि कोनाड्यातील मारुतीराय साक्षी. पुणेनिवासी राजमान्य राजश्री विश्वजीतपंत यांनी फोनवरून सवाल केला की, बाबांची तांबडी मोटारसायकल अद्याप भंगारात का दिली नाही, आणि ती तेल गळते ऐसे ऐकतो, तरी आईस तिजवर बसवून गंगापार नेण्याचा हट्ट कोणी व कोणत्या अकलेने धरिला, ते साद्यंत कळवावे. सवाल रास्त आहे. जबाब फोनवर देता येता, परंतु फोनात पराक्रम नीट मावत नाही, आणि पराक्रम मूळचाच थोडा असला म्हणजे तो कागदावर पसरूनच मांडावा लागतो. सबब सेवकाने लेखणी हाती धरिली. घडले ते लिहिले आहे. पदरचे घातले ते शोभेपुरते.

प्रथम मुलखाची हकिकत. मौजे रामघाट, गंगेचे पश्चिम तीरी. येथे आपली दक्षिणी घराणी पिढ्यानपिढ्या नांदतात, उंबऱ्याचे आत मराठी बोलतात आणि बाहेर पाऊल टाकिले की बनारसी. गल्ली ऐसी की समोरून सांड आला तर विद्वानाने मागे सरावे, आणि दोन विद्वान समोरासमोर आले तर कोणीच सरू नये. या गल्लीत कैलासवासी दत्तात्रेयपंत यांचे घर. घरास लागून दगडी ओटा, त्यास येथील लोक चबुतरा म्हणतात. चबुतऱ्याचे टोकास भिंतीत कोनाडा, कोनाड्यात शेंदूर माखलेले मारुतीराय, आणि चबुतऱ्यास खेटून, समोरचे भिंतीकडे डावे अंग करून, उभी ती तांबडी गाडी.

ही गाडी दत्तात्रेयपंतांनी रेल्वेच्या चाकरीत असता घेतली. दर शनिवारी मारुतीस तेल वाहावे आणि मग गाडीची खिदमत करावी, हा त्यांचा नेम. मारुतीरायांनंतर मान गाडीचा, त्यानंतर उरेल तो घरच्यांचा. ते कैलासवासी जाहले तेव्हा गाडी पुतण्याकडे आली. पुतणे म्हणजे वेदशास्त्रसंपन्न राजश्री सुमंतपंत, संस्कृत पाठशाळेत न्यायशास्त्राचे अध्यापक, जे डोंगरावर धूर पाहून अग्नी सिद्ध करण्यात आयुष्य घालविते जाहले, परंतु स्वयंपाकघरात दूध उतू गेलेले ज्यांस शेजाऱ्याने येऊन सांगावे लागते. त्यांच्या पत्नी सौभाग्यवती देवयानीबाई, बँकेत कामावर, घरचा कुल कारभार त्यांचे हाती. आणि सर्वांचे वर, दत्तात्रेयपंतांच्या पत्नी, आपल्या मातुश्री, शरदिनीबाईसाहेब, ज्यांस सारा रामघाट काकू म्हणतो.

काकूंचे गुडघे अलीकडे फितूर जाहले. घाटाच्या पायऱ्या उतरून नावेत बसणे सरले, आणि मोठ्या रस्त्यापावेतो चालत जाऊन रिक्षा धरणेही सरले. रिक्षा तर या गल्लीत शिरतच नाही. दारापावेतो येणारे वाहन एकच, ही तांबडी. तिची बैठक आणि चबुतरा एका उंचीस येतात, म्हणून काकूंनी चबुतऱ्यावरून एक पाय पलीकडे टाकावा, नऊवारीचा कासोटा असल्याने संकोचाचे कारण नाही, आणि मांड ठोकून बसावे. ऐसे बसून त्या वर्षातून एकदा गंगापार रामनगरास रामलीला पाहावयास जातात, भरतभेटीच्या दिवशी. लग्न होऊन काशीस आल्यापासून ही भेट त्यांनी चुकविली नाही. आधी यजमानांसवे, मागून पुतण्यासवे. यंदाची भरतभेट शनिवारी येत होती. ती चुकली तर पुढले वर्षी गुडघे काय म्हणतील याचा भरवसा नव्हता, आणि हे घरात सर्वांस ठाऊक असून कोणी बोलत नव्हते.

ऐसे असता भाद्रपद सरतेवेळी एके आदितवारी प्रातःकाळी संकट उभे राहिले. देवयानीबाईंनी दारापुढे रांगोळी काढिली होती, मध्ये कमळ, भोवती गोपद्मे. त्या पाणी आणावयास आत गेल्या, परत येऊन पाहतात तो कमळाचे मधोमध तेलाचा थेंब, आणि त्यांचे डोळ्यांदेखत गाडीखालून दुसरा. ते समयी त्यांनी जो पुकारा केला तो बालाजी घाटापावेतो ऐकू गेला ऐसे म्हणतात.

"अहो, बाहेर या! तुमच्या गाडीनं रांगोळीचा सत्यानाश केलाय!"

सुमंतपंत बाहेर आले, उकिडवे बसले, थेंब बोटावर घेतला आणि प्रसन्न मुद्रेने अनुमान मांडिले. गाडी गळकी आहे. कारण काय, तर तेल दिसते. जेथे जेथे खाली तेल, तेथे तेथे वर भोक. जैसे पलीकडल्या घरचे पिंप. म्हणून ही गाडीही तैसीच. आणि ज्यातून गळते त्यातले कमी होते, हे तर पोरही जाणते. सबब आत तेल उणे जाहले असणार. पाच पायऱ्यांचे ते अनुमान ऐसे निर्दोष उतरले की पंतांस स्वतःचेच कौतुक वाटले. मग त्यांनी इंजिनाचे उजवे अंगास जे तेलाचे झाकण असते ते फिरवून काढिले. त्या झाकणास एक काडी जडलेली असते, तीवर खुणा असतात, आणि तेल किती आहे हे ती काडी पुसून, पुन्हा बुडवून, डोळ्यांनी पाहावयाचे असते. पंतांनी काडी काढिली, वर्तमानपत्रावर अदबीने ठेविली, तिजकडे ढुंकून न पाहता आत तेल ओतिले, आणि झाकण लाविले. जो पुरुष पाठशाळेत रोज घसा फोडून सांगतो की सर्व प्रमाणांत प्रत्यक्ष हे पहिले, त्याने हातातली काडी पाहिली नाही. सेवक यावर काही म्हणत नाही. म्हणण्यासारखे फार आहे.

मग गळतीवर मोहीम मांडिली. पहिले स्वारीत सुमंतपंतांनी पाने-पक्कड घेऊन इंजिनाचे जेवढे नट दिसले तेवढे आवळिले, आणि एक जो आवळावयाचा नव्हता तोही आवळिला, तेणेकरून ब्रेकचे पेडल हट्टास पेटून वर येईना. ते पुन्हा ढिले करण्यात एक सुटी खर्ची पडली. पुढले आदितवारी रांगोळीत थेंब हजर. दुसरे स्वारीत मैदागिनच्या बाजारातून काळा चिकट मसाला आणविला, जो गास्केटाचे, म्हणजे सांध्यातील पट्टीचे, फटीत भरितात, आणि तो इंजिनाचे सांध्यांवर बाहेरून लिंपिला. थोडा इंजिनास लागला, बाकीचा पंतांचे दाढीस, धोतरास आणि जानव्यास लागला. जानवे बदलावे लागले, ते शास्त्रोक्त बदलिले. आणि थेंब पडतच होते म्हणून, गळून कमी जाहले असेल या त्याच निर्दोष अनुमानाने, प्रत्येक स्वारीनंतर पंत आत आणखी तेल ओतीत गेले. थेंब वाढले. पंतांनी म्हटले की रोग बळावत आहे.

या काळात आणिक एक चमत्कार जाहला, तोही लिहितो. गाडी गल्लीतून गेली म्हणजे मागे धूर राही आणि त्या धुरास ताज्या कचोरीचा वास येई. गल्लीतील लोक वासासरशी बाहेर येत, इकडे तिकडे पाहत, आणि हळहळून आत जात. पंतांनी यावर विचार केला आणि निष्कर्ष काढिला की, सकाळची वेळ आहे, कोपऱ्यावर कचोरीचे दुकान आहे, वास येणारच. हे अनुमानही निर्दोष होते. फक्त कचोरीचे दुकान दुपारी बंद असे आणि वास दुपारीही येई, एवढेच.

मग थकून पंतांनी चबुतऱ्यावर मसलत बोलाविली. शेजारचे रत्नाकरशास्त्री आले, जे ज्योतिषात पारंगत आणि सायकलही चालवू न शकणारे. त्यांनी पुसिले की गळती कोणत्या वारी विशेष. देवयानीबाई आतून म्हणाल्या की आदितवारी सकाळी हमखास, इतर दिवशी थोडथोडकी. शास्त्रीबोवांनी डोळे मिटिले, बोटे मोजिली, आणि निवाडा सांगितला की आदितवारी दिसते म्हणजे शनिवारी घडते, शनिवारी घडते म्हणजे शनीचे कृत्य, आणि तेल तर त्या ग्रहाचे आवडते, मग तो ते मागून घेतो यात नवल ते काय. त्यावर उपाय म्हणून मारुतीस शनिवारी तेल वाढवून वाहावे ऐसे ठरले. काकू शेजारीच वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वाहतेय की मी. अजून थोडं जास्त आणते." आणि पुढले शनिवारी त्यांनी मोहरीच्या तेलाची मोठी बुधली भरून आणिली. हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे. मसलतीस बसलेल्यांनी ठेविले नाही.

शेवटी भरतभेटीस दिवस थोडे उरले तेव्हा मैदागिनचा बचाऊ मिस्त्री यास पाचारण जाहले. बचाऊ मोठा दबदब्याचा. त्याने गाडी सुरू करविली, कान इंजिनास लाविला, पानाची पिंक कोपऱ्यात टाकिली आणि फर्माविले:

"गुरु, एकर हेड गास्केट गयल हौ. पूरा इंजन खोले के पड़ी. दिवाली से पहिले ना मिली."

म्हणजे इंजिनाचे माथ्याखालची पट्टी गेली, सारे इंजिन खोलावे लागेल, गाडी दिवाळीआधी मिळणार नाही. सुमंतपंतांनी अर्जी केली की शनिवारपुरती चालेल काय. बचाऊने मान हलविली. म्हणाला की पुलावर बीचोबीच बंद पडली तर माताजींस कोण उचलणार, तुम्ही? आणि पंतांचे दंडांकडे पाहून त्याने दुसरे पान तोंडात घातले.

तो निवाडा काकूंनी चबुतऱ्यावर बसून ऐकिला. रामनगरास नेसावयाची हिरवी नऊवारी त्यांनी उन्हात घालून ठेविली होती, ती त्यांनी उचलिली, घडी केली, मांडीवर घेऊन कितीक वेळ हात फिरविला, आणि देवयानीबाईंस म्हणाल्या, "ठेव गं संदुकीत. भरत काय, पुढल्या वर्षीही भेटतोच." काकूंस कोणी कधी रडताना पाहिले नव्हते, काका गेले तेव्हाही नाही, आणि त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत. फक्त वाती वळावयास बसल्या आणि वात वळेना. पंत उठून आत गेले आणि पुस्तक उघडून बसले. पान उलटिले नाही.

शुक्रवारी प्रातःकाळी देवयानीबाई रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी पहिली रेघ ओढिली, आणि त्या रेघेवरच वरून थेंब पडला. सौभाग्यवतींनी यापूर्वी पुष्कळ सोसिले होते, नवऱ्याची विद्वत्ता धरून. ते समयी त्यांचा क्रोध ऐसा भडकला की त्यांनी डबा दोहों हाती उचलिला आणि पांढरी पूड सारीच्या सारी इंजिनावर उधळिली.

"घ्या! आता इंजिनावरच काढते रांगोळी! सगळीच खराब करून टाका एकदाची!"

गुलालाचे उधळणीसारखी पूड उडाली आणि तेलकट इंजिन नखशिखांत पांढरे जाहले. मग बाई आत गेल्या, भांडी वाजली, आणि थोडे वेळाने बँकेत जाण्यास निघाल्या तो दारातच थबकल्या. "अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "इकडे या. आणि या वेळी काही बोलू नका. नुसतं बघा."

पंत आले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी नुसते पाहिले. इंजिन पांढरेफेक. ज्या हेड गास्केटाने दिवाळी मागितली होती तेथे पूड कोरडी. ज्या सांध्यांवर पंतांनी मसाला लिंपिला तेथे पूड कोरडी. ज्या नटांसी घनघोर युद्ध जाहले तेही कोरडे. साऱ्या गाडीवर ओल एकाच ठिकाणी: मागे, हवेच्या डब्याखाली जी बोटभर रबरी नळी लोंबते तिचे तोंडाशी. तेथे पूड भिजून पिवळसर जाहली होती आणि थेंब धरीत होता. इंजिनास कोठेही भोक नव्हते.

आता ही गोष्ट सोपी आहे, मोठ्या विद्वानासही समजेल. इंजिनाचे पोटात मापाहून अधिक तेल जाहले म्हणजे ते श्वासाचे नळीवाटे वर चढते, हवेच्या डब्यात जाते, आणि डबा ते खालच्या नळीवाटे ओकून टाकितो. गळत होते ते उणे म्हणून नव्हे, जास्त म्हणून. आणि पंत ते उणे समजून वर ओतीत होते. गाडी उलट्या करीत होती आणि घरचे तिला आग्रह करून वाढीत होते.

पंतांनी झाकण काढिले, काडी पुसिली, बुडविली, आणि डोळ्यांपाशी धरिली. तेल खुणांचे कितीतरी वर. पण पंतांनी ओतिले तेवढ्याने एवढे होण्यासारखे नव्हते. मग त्यांनी वास घेतला. मोहरी. मग उजेडात धरिले, तर काळ्या तेलात तांबूस शेंदरी झाक, आणि काडीच्या टोकास चिकटलेली कापसाची एक तार, जैसी वातीतून सुटते तैसी.

पंतांनी वर पाहिले. चबुतऱ्यावर काकू वाती वळीत होत्या. एका हाताशी कोनाड्यातले मारुतीराय, दुसऱ्या हाताशी गाडीचे तेच झाकण, आणि मध्ये बुधली. बसल्या जागेवरून दोहोंस हात पोचत होता. दत्तात्रेयपंतांचा नेम होता, मारुतीस तेल आणि मग गाडीस तेल. पंतांस तो ठाऊक होता आणि ते समजत होते की नेम काकांसवे गेला. नेम गेला नव्हता. तो दर शनिवारी, कोणास न सांगता, चबुतऱ्यावर बसून चालू होता.

देवयानीबाईंनीही काडी पाहिली आणि काकूंकडे पाहिले. दोघे नवराबायको एकमेकांकडे पाहते जाहले. त्या घटकेस न्यायशास्त्राचे पंडितांस एक साधी गोष्ट उमगली की, खरे कारण सापडले म्हणजे ते सांगितलेच पाहिजे ऐसे कोठे लिहिलेले नाही. 'काकू, तुमच्या तेलाने गाडी बिघडली' हे वाक्य खरे होते, आणि ते बोलले असते तर काकू पुन्हा त्या गाडीवर बसल्या नसत्या. देवयानीबाईंनी बँकेत फोन करून रजा घेतली आणि हुकूम दिला की आज शुक्रवार आहे, जे तेल आणायचे ते सांजवेळेपूर्वी आणावे, कारण उद्या शनिवार, आणि शनिवारी तेल घरात विकत आणलेले काकूंस चालत नाही.

मग कूच जाहले. गाडी ढकलत मैदागिनास नेली. बचाऊने खालचा नट उघडिला, तेल परातीत उतरले, उतरतच राहिले, आणि दुकानभर कचोरीचा घमघमाट सुटला. बचाऊने परातीत पाहिले, पंतांकडे पाहिले, पुन्हा परातीत पाहिले.

"ई का हौ, गुरु? इंजन में अचार डलले रहला का?"

पंत म्हणाले, "घर की बात हौ." काशीत एवढ्यावर भागते. बचाऊने मान डोलविली आणि छातीवर हात ठेवून सांगितले की आपण तर आधीपासूनच म्हणत होतो, इंजन खोले के काम ना हौ. पंतांस वादात हरविणारा हाच एक पुरुष निघाला, कारण त्यास आधीचे वाक्य आठवतच नव्हते. मग इंजिन धुतले, हवेचा डबा पुसिला, नवे तेल भरिले, आणि या वेळी पंतांनी काडी पुसून, बुडवून, काढून पाहिली; समाधान न होऊन पुन्हा पाहिली; आणि शेजारी चहा पीत बसलेल्या परक्या गृहस्थासही दाखविली.

परंतु मोहीम सरली नव्हती. दुसरे दिवशी शनिवार. काकू चबुतऱ्यावर बसणार, मारुतीस तेल वाहणार, आणि उरलेले झाकणातून ओतणार. त्यांस मना करावे तर कारण सांगणे आले. झाकण कडक आवळावे तर त्यांचे बोटांस त्रास, आणि वात वळणारी ती बोटे काय उघडणार नाहीत? पंत येरझारा घालिते जाहले. अखेर शनिवारी पहाटे उजाडता उजाडता त्यांस बुद्धी सुचली, आणि ती अनुमानाने नव्हे, तर चबुतऱ्यावर काकूंच्या जागी स्वतः बसून, हात लांबवून, काय काय लागते ते चाचपून पाहिल्याने सुचली.

मग त्यांनी गाडी मागे मागे ढकलत गल्लीचे तोंडाशी चौकात नेली, कारण गल्लीत ती वळत नाही. चौकात सांड बसला होता. त्याजसी कालच्या पोळ्या देऊन तह केला. मग गाडी फिरवून, मागचा भाग पुढे करून, भिंतींस आरसे खरवडीत, पुन्हा चबुतऱ्यापाशी आणिली आणि उलटी, मधल्या स्टँडवर लाविली. तेलाचे झाकण आता समोरच्या भिंतीकडे गेले, जेथे बसल्या जागेवरून हात पोचत नाही. आणि आजवर भिंतीकडे दडलेली डावी बाजू, जीत गाडीची साखळी आहे आणि जिचे झाकण कधीच गळून गेले, ती चबुतऱ्यापाशी, काकूंच्या उजव्या हाताखाली आली. देवयानीबाईंनी खिडकीतून हे पाहिले आणि पंतांस न मागता चहा पाठविला. लग्नानंतर ऐसा बहुमान पंतांस क्वचितच मिळाला होता.

सकाळी काकू बाहेर बसल्या. मारुतीरायांस तेल वाहिले, शेंदूर लाविला, हात जोडिले. मग सवयीने बुधली घेऊन वळल्या, आणि हात अर्ध्यात थांबला. पंत दाराआड उभे. काकूंनी साखळीकडे बराच वेळ पाहिले. मग वाकावे न लागता, बसल्या बसल्या, बुधलीची धार साखळीवर धरिली आणि डाव्या हाताने चाक हळूहळू फिरवीत गेल्या. साखळी कडी कडीने भिजत पुढे सरकली. ते काम त्यांनी ऐसे जपून केले की पंतांस तेथे उभे राहवेना.

तिसरे प्रहरी स्वारी निघाली. काकूंनी हिरवी नऊवारी नेसून चबुतऱ्यावरून मांड टाकिली, पंतांचे खांद्यावर हात ठेविला आणि फर्मान सोडिले, "चल सुमंता, धीरे चालव. खड्डा आला की आधी सांग." मैदागिन ओलांडून, राजघाटाचा पूल उतरून, पडावच्या नाक्यावरून गाडी रामनगरात दाखल जाहली. वाटेत इंजिन कुरकुरले नाही आणि धुरास कशाचाही वास आला नाही. पंतांस कचोरीची थोडी आठवण आली.

मैदानात माणसांची दाटी. पंतांनी काकूंस झाडाखाली दगडावर बसविले, गाडी शेजारी उभी केली. मशाली पेटू लागल्या. काकूंनी गाडीच्या साखळीवर बोट फिरविले, ते पदरास पुसिले, आणि समोर पाहतच म्हणाल्या:

"गाडी फिरवून लावलीस ते बरं केलंस रे. तुझे काका साखळीलाच घालायचे तेल. त्या बाजूला माझा हात पोचत नव्हता, आणि गुडघे गेल्यापासून वाकवत नाही. म्हणून त्या झाकणातूनच घालत होते. म्हटलं, आतून पोचेल."

पंतांचे जिभेवर सारे शास्त्र आले. तेल आतून साखळीस पोचत नाही, इंजिन निराळे, साखळी निराळी, हेतू निराळा, दृष्टांत निराळा. आणि "तुम्ही सांगायचंत तरी, काकू, मी फिरवून दिली असती," हेही आले. त्यांनी तोंड उघडिले. तोच लीलेतला पुकारा मैदानावरून घुमला, जो प्रत्येक संवादाआधी रामनगरात शतकानुशतके घुमतो: "चुप रहो! सावधान!"

हजारो माणसे एकदम गप्प जाहली. सुमंतपंतही जाहले. समोर भरत धावत आला, रामाचे पायी पडला, आणि रामाने त्यास उचलून पोटाशी धरिले. काकूंनी हात जोडिले. मग एक हात सोडवून त्यांनी बाजूस उभ्या गाडीच्या बैठकीवर ठेविला, जेथे पूर्वी पुढे दत्तात्रेयपंत बसत असत, आणि भेट सरेतो तो तेथेच राहू दिला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. त्याचा दाखला असा. हवेच्या डब्याची नळी कोरडी, काडीवर तेल दोन खुणांचे मध्ये, हेड गास्केट जन्मापासून निर्दोष, आणि बचाऊ मिस्त्री रामघाटास सांगत फिरतो की रोग त्यानेच ओळखिला. रत्नाकरशास्त्री म्हणतात शनी संतुष्ट जाहला. त्यांस कोणी खोडिले नाही.

परंतु सत्य लपवू नये म्हणून लिहितो. दुसरे दिवशी आदितवारी देवयानीबाई रांगोळी घालावयास आल्या, तो साखळीवरून ओघळलेला मोहरीच्या तेलाचा थेंब दगडावर पडलेला. पंत दारातून पाहत होते, त्यांस वाटले आता डबा आपल्याच डोक्यावर येणार. बाई खाली बसल्या, आणि थेंब मधोमध धरून त्याभोवती पाकळ्या काढिल्या. तेव्हापासून दर आदितवारी कमळ ऐसेच निघते.

तरी विश्वजीतपंतांस विनंती की, भंगाराचा विषय पुन्हा काढू नये, आणि तेल कोणते व कोठे ओतिले गेले ते मातुश्रींपाशी बोलू नये; त्यांचे समजुतीप्रमाणे तेल आतून पोचतच होते, फक्त आता लवकर पोचते. या बखरीत सुमंतपंतांची फार थट्टा जाहली ऐसे आपणास वाटेल, तरी ती त्यांचे अनुमतीने आहे. लिहिताना कागदास जागोजागी डाग पडले त्याची माफी असावी. काडी पुसणाऱ्या सेवकाचे हातास अद्याप मोहरीचा वास आहे.